धूरमुक्त दवाखाना

गच्चीवरची बावीस पॅनेल पुसायचं काम मावशीला कुणी दिलेलं नव्हतं, ते तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. झाडलोट, फरशी, केसपेपरची रांग, रडणारी पोरं आणि सुई बघून पांढरेफटक पडणारे आडदांड पुरुष, हे सगळं सांभाळून ती आठवड्यातून दोनदा सकाळी सहाला बादली घेऊन चौतीस पायऱ्या चढायची. सहालाच, कारण पॅनेल बसवणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. गुडघे कुरकुरायचे. "कुरकुरा हवं तेवढं," मावशी त्यांना म्हणायची, "पण चढा."

खाली, रुग्ण बसायच्या खोलीत, भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड होता. वर लिहिलेलं, 'आज सूर्यापासून तयार झालेली वीज'. सकाळी शून्य, मग आकडा हळूहळू चढत संध्याकाळपर्यंत साठ युनिटांच्या आसपास. पॅनेल पुसल्या दिवशी मावशी दर तासाला काहीतरी निमित्त काढून बोर्डापाशी जायची.

"बघा, काल अठ्ठावन्न होते. आज हात फिरवला, तर एकसष्ट!"

रुग्ण माना डोलवायचे. ताप आलेला माणूस कशालाही मान डोलावतो, पण मावशीला तेवढं पुरायचं. तीस वर्षं तिनं फरश्या पुसल्या, आणि फरशी किती स्वच्छ झाली याचा आकडा कुणी कधी भिंतीवर लावला नव्हता. आता पहिल्यांदा तिच्या हाताच्या कामाचं माप निघत होतं, तेही लाल दिव्यांत.

आधी दवाखान्याच्या मागं डिझेलचा जनरेटर होता. लाइट गेली की तो खोकत खोकत सुरू व्हायचा आणि त्याचा धूर थेट मुलांच्या खोलीच्या खिडकीतून आत यायचा. दमेकरी पोराला वाफ द्यायची तर मशीन चालू हवं, मशीन चालू हवं तर जनरेटर चालू हवा, आणि जनरेटर चालू झाला की पोर जास्तच धापा टाकणार. मावशी त्याला काळतोंड्या म्हणायची, आणि जाता-येता त्याला फडक्यानं एक फटका मारल्याशिवाय पुढं जायची नाही.

म्हणून स्वच्छ ऊर्जा समितीच्या अध्यक्षबाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा मावशीनं त्यांना खुर्ची पुसून दिली होती. अध्यक्षबाई कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज गोड, खांद्याला कापडी पिशवी, आणि समोरचा माणूस कितीही लहान असो, त्याच्याशी बोलताना डोळ्यांत बघून बोलणार. धुरानं काय होतं, उन्हाळे का वाढत चाललेत, सूर्य फुकट देतोय ते आपण का घेत नाही, हे त्यांनी मावशीला स्टुलावर शेजारी बसवून समजावलं. मावशीला एवढ्या मानानं आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. ती त्याच दिवशी त्यांची झाली.

पॅनेल बसली, फीत कापली, टाळ्या झाल्या. काळतोंड्याला त्याच्या चाकांवरूनच ढकलत नेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या सरकारी गोदामात टाकलं. दारावर हिरवी पाटी लागली, 'धूरमुक्त दवाखाना'. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि फोटोत नेमकं तेच आलं.

मग समितीनं मागच्या गल्लीतल्या घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायचं ठरवलं. त्यासाठी घरोघरची संमती हवी होती. समितीची माणसं छापील पत्रकं घेऊन गेली, तर दारं किलकिली होऊन पुन्हा बंद झाली. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जा. तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा."

मावशी गेली. एका महिन्यात एकोणसाठ घरांच्या सह्या आणल्या. दर दारात तिचं एकच म्हणणं होतं, "पत्रकातलं मला कळत नाही गं. पण मी स्वतः पुसते ती पॅनेल. आपला दवाखाना सूर्यावर चालतो, मी रोज डोळ्यांनी बघते." आणि लोकांनी त्याच एका वाक्यावर सही केली, पत्रकावर नव्हे.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. लाइट गेलीच तर ती रात्रीची, दवाखाना बंद असताना.

मग एका मंगळवारी दुपारी लाइट गेली. ऊन असं की गच्चीवर चप्पल चिकटावी. आत मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईची चार वर्षांची नात वाफेच्या मशीनला लावलेली, तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. मशीन घुर्र करून थांबलं. पंखे थांबले. लशींचा फ्रिज थांबला. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर दोनदा चापट मारली, जणू ते झोपलं होतं.

"मावशी, ते सोलरचं बटण कुठंय?"

"बटण नाहीये हो. आपोआप लागतं म्हणाले होते."

आपोआप काही लागलं नाही. सगळ्या दवाखान्यात एकच वस्तू चालू होती, ती म्हणजे भिंतीवरचा बोर्ड. अंधारलेल्या खोलीत लालभडक छत्तीस. बघता बघता सदतीस.

शिंपीणबाईनं नातीला कडेवर उचललं. गल्लीच्या तोंडाला रिक्षा मिळेपर्यंत ती पळत गेली, मावशी औषधाची बाटली घेऊन मागं पळत. दूरच्या खासगी दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं तिचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. बाहेर बाकावर शिंपीणबाई म्हणाली, "तुझा सूर्य कुठं जेवायला गेला होता गं?"

मावशीनं संध्याकाळी अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अरेरे! पोरगी बरी आहे ना? हे काय झालं असेल, सेटिंगचा प्रश्न आहे. करून घेते हं मी." मावशीनं ते सेटिंग शिंपीणबाईला सांगितलं. शिंपीणबाईनं शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. त्या दिवसापासून ती मावशीशी कामापुरतं बोलायला लागली, आणि तिचं मावशीकडं काही कामच नसायचं.

पुढच्याच आठवड्यात गच्चीच्या कठड्याला रंग द्यायला रंगारी आले. शुक्रवारी बक्षीस द्यायला बाहेरून पाहुणे येणार होते, दवाखान्याला 'धूरमुक्त आरोग्यसेवे'चं बक्षीस मिळणार होतं. रंगाचे शिंतोडे काचेवर उडू नयेत म्हणून मावशीनं जुन्या चादरी, एक्स-रेच्या खोलीतले काळे पडदे, जे मिळेल ते आणून बावीसच्या बावीस पॅनेल झाकली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यावर विटा ठेवल्या. दोन दिवस पॅनेल झाकलेली होती. दोन दिवस बोर्डावर आकडा आला, पहिल्या दिवशी साठ, दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट.

आणि मावशीची अक्कल बघा. तिला वाटलं, काय दणकट माल आहे!

ही बातमी तिनं मोठ्या कौतुकानं आपल्या धाकट्या दिराला सांगितली. दीर वायरमन. डोकं लवकर उडतं म्हणून घरात-बाहेर सगळे त्याला फ्यूजच म्हणतात. मावशी तेवढी भावजी म्हणायची, नातं राखून.

"भावजी, काळ्या पडद्याखालीसुद्धा वीज करतात हो ती! त्रेसष्ट!"

फ्यूज पोट धरून हसला. हसता हसता मधेच थांबला.

"वहिनी, पुन्हा सांगा बरं. झाकली होती? सगळी?"

"विटा ठेवून."

"चला."

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत दोघं वर गेली. फ्यूजनं पॅनेलकडं ढुंकूनही पाहिलं नाही, तो पॅनेलखालून निघालेल्या वायरच्या मागं मागं गेला. वायर नळीतून जिन्याच्या खोलीत उतरली होती. तिथं भिंतीवर एक मोठा पांढरा डबा होता. डब्यातून पुढं जाणारी नळी भिंतीवरून वीतभर खाली येऊन थांबली होती. तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पिशवीवर कोळ्यानं जाळं केलं होतं, आणि जाळंसुद्धा जुनं होतं.

"हे बघा," फ्यूज म्हणाला. "वर पॅनेल, हा इन्व्हर्टर. आणि इथून खाली मीटरपर्यंत काही नाही. हे कधी जोडलेलंच नाही वहिनी."

"म्हणजे बिघडलंय?"

"बिघडायला आधी चालू व्हावं लागतं."

मावशी खालच्या पायरीवर बसली. "मग बोर्ड?"

बोर्ड खाली चपलांच्या कपाटामागच्या साध्या प्लगवर होता. फ्यूजनं खाली येऊन तो उघडला, आत छोटी बॅटरी आणि एक चिप. रोज सकाळी सातला आकडे मोजायला लागायचं, संध्याकाळी थांबायचं, रोज थोडं कमी-जास्त करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. सूर्याशी त्याची ओळखसुद्धा नव्हती.

"आणि समजा जोडलं असतं," फ्यूज म्हणाला, "तरी लाइट गेल्यावर हे बंदच पडतं. वेगळी बॅटरी लागते. हे न सांगता जनरेटर नेला कुणी? अहो, डोकं आहे की..." आणि मग तो पुढचं जे बोलला ते इथं लिहीत नाही, पण चुकीचं एक अक्षर नव्हतं.

मावशीनं मनात हिशेब केला. दीड वर्षं, आठवड्यातून दोनदा, चौतीस पायऱ्या. ते जाऊ दे, पाय तिचे होते. पण एकोणसाठ दारांत उभं राहून तिनं म्हटलं होतं, मी डोळ्यांनी बघते. तिच्याच तोंडातून, तिच्याच भरवशाच्या जिवावर, कुणीतरी गल्लीशी खोटं बोलून घेतलं होतं. आणि काळतोंड्याला हाकलताना सगळ्यात जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षबाईंच्या घरी गेली. पुस्तकांनी भरलेली खोली, खिडकीत कुंड्या. अध्यक्षबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"मावशी, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण मोठं चित्र बघा."

"मला नळीचं तोंड दिसलं बाई. पिशवी बांधलेलं."

"अर्ज दिलाय आपण वीज कार्यालयात, कधीच दिलाय. त्यांच्याकडं अडकलाय, त्याला आपण काय करणार? तोवर लोकांचा उत्साह टिकायला नको? बोर्ड बघून लोकांना वाटतं, हे होऊ शकतं. अहो, तुमच्यामुळं एकोणसाठ घरं तयार झाली! हे खोटं आहे का?"

मावशीला क्षणभर वाटलं, नसेलही. बाईंचं बोलणंच असं होतं की ऐकणाऱ्याला आपलीच बुद्धी लहान वाटावी. मग तिला पोरीचे ओठ आठवले.

"जनरेटर का नेला?"

"धूरमुक्त म्हणवून घ्यायचं तर जनरेटर ठेवून कसं चालेल? नियमातच बसत नाही ते."

"बक्षिसाच्या नियमात?"

अध्यक्षबाईंनी चष्मा परत घातला. "शुक्रवारी पाहुणे येतायत. तुम्हाला दोन मिनिटं बोलायचंय, मी लिहून ठेवलंय." त्यांनी एक कागद पुढं केला. 'मी एक साधी सफाई कामगार. पण मी रोज सूर्याला हात लावते...' पहिली ओळ चांगली होती. मावशीला रागातसुद्धा कबूल करावं लागलं.

"आणि मावशी, हे आत्ता बाहेर गेलं, तर लोक पुन्हा कधी सौरऊर्जेवर विश्वास ठेवणार नाहीत. एवढ्या चांगल्या कामाचं नुकसान तुमच्या हातून व्हावं असं वाटतं का तुम्हाला?"

मावशीनं कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "काम चांगलंच आहे हो बाई. म्हणूनच तर करायचं होतं ते."

मावशी बाहेर आली. कंत्राटावरची नोकरी, दर अकरा महिन्यांनी नव्यानं सही. त्या सहीवर कुणाकुणाचा हात फिरतो ते तिला ठाऊक होतं. पण ती घरी गेली नाही. गल्लीत शिरली आणि पहिलं दार वाजवलं.

शब्द द्यायला महिना लागला होता, परत घ्यायला दोन संध्याकाळी पुरल्या. दर दारात तेच. "मी सांगितलं होतं ना, दवाखाना सूर्यावर चालतो? चालत नाही. जोडलेलंच नाही. मला ठाऊक नव्हतं, पण बोलले मीच. म्हणून सांगायला आले."

कुणी म्हणालं, "आता गं?" कुणी दार लावून घेतलं. एकीनं तर आत बोलावून पाणी दिलं आणि मग पाऊण तास तोंडसुख घेतलं, तेही उभं ठेवून. सगळ्यात वाईट होते ते 'आम्हाला आधीच वाटलं होतं' म्हणणारे. त्यांना आधी वाटलं होतं तर सही करताना पेनातली शाई का नाही संपली, हे मावशीला विचारायचं होतं. पण ती चूक कबूल करायला गेली होती, भांडायला नव्हे. तिनं जीभ दाताखाली धरली.

गल्लीच्या टोकाला निवृत्त कंडक्टर राहायचे. सत्तर उलटलेले, पण आवाज अजून दारात लोंबकळणाऱ्यांना आत ढकलणारा. त्यांनी सगळं ऐकलं.

"तिकीट परत घेतेस म्हणजे? प्रवास कुठवर झाला ते तरी सांग. अर्ज कुठं अडकलाय म्हणाली?"

"वीज कार्यालयात. बाई म्हणाल्या."

"तू बघितलास?"

"नाही."

"पुन्हा न बघताच बोलतेस?"

मावशीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आणि बरोबर होतं.

"एकटी गेलीस तर उद्या या म्हणतील," कंडक्टर म्हणाले. "पन्नास जण गेलो तर काय म्हणतील? आरडाओरडा नको. फलक नको. सरळ रांगेत उभं राहायचं, प्रत्येकानं आपलं टोकन घ्यायचं आणि प्रत्येकानं एकच प्रश्न विचारायचा. टोकन असलेल्या माणसाला हाकलता येत नाही. तीस वर्षं गाडीत तेच पाहिलंय मी."

"कधी?"

"शुक्रवारी दहाला उघडतं ते."

"शुक्रवारी अकराला बक्षीस आहे."

कंडक्टरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मग तर शुक्रवारीच."

शिंपीणबाईचं दार मावशीनं शेवटी ठेवलं होतं. तिचं यंत्र चालू होतं. मावशीनं बोलायला सुरुवात केली, यंत्र थांबलं नाही. मावशीनं पूर्ण सांगितलं, नळी, पिशवी, बोर्ड, शुक्रवारची रांग, सगळं. यंत्र थांबलं. शिंपीणबाईनं दातानं दोरा तोडला.

"म्हणजे तू पण फसलीस."

"हो."

"मला वाटलं तुला माहीत होतं." तिनं कापड झटकलं. "शुक्रवारी किती वाजता म्हणालीस?"

शुक्रवारी पावणेदहालाच वीज कार्यालयासमोर रांग लागली. मावशीनं डॉक्टरीणबाईंना सकाळीच सांगून टाकलं होतं, "मी आज अर्धा दिवस रजेवर." त्या समारंभासाठी इस्त्रीचा कोट घालून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही कुठं, पण "सांभाळून," एवढं म्हणाल्या.

कंडक्टरांच्या निरोपावर एकोणसाठ घरांपैकी त्रेचाळीस घरांतून माणूस आला होता. फ्यूज आला होता. कंडक्टर रांगेच्या बाजूनं फिरत होते, "सरका पुढं, मधे जागा आहे."

खिडकीवर एक मध्यमवयीन कारकून. पहिलं टोकन शिंपीणबाईचं.

"बोला."

"आमच्या दवाखान्याचा सौरऊर्जेचा अर्ज कुठंय?"

"तुम्ही कोण?"

"पेशंटची आजी."

"असं नाही सांगता येत. पुढचे."

पुढचे म्हणाले, "आमच्या दवाखान्याचा सौरऊर्जेचा अर्ज कुठंय?"

चौथ्याला कारकुनानं मान वर करून रांग बघितली. सातव्याला चहा मागवला. अकराव्याला म्हणाला, "अहो, आत्ताच दहा जणांना सांगितलं ना मी?"

"मला नाही सांगितलं. माझं टोकन अकरा नंबरचं."

चौदाव्या टोकनाला तो उठला, आत गेला आणि कार्यालयाच्या साहेबीणबाईंना घेऊन बाहेर आला. साहेबीणबाई पन्नाशीच्या, कानावर पेन खोचलेल्या. त्यांनी कंडक्टरांचं ऐकलं, आत जाऊन कपाट धुंडाळलं आणि एक पातळ फाइल आणली. त्यावरची धूळ फुंकरीनं उडाली ती नेमकी कारकुनाच्या चहात.

"इथं काही अडकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज आला होता. आठ दिवसांत आम्ही परत पाठवला. दवाखान्याच्या प्रमुखांची संमतीची सही नव्हती. एक सही. ही त्या पत्राची प्रत, समितीच्या अध्यक्षांना मिळाल्याची पोच आहे. त्यानंतर कुणी फिरकलं नाही."

मावशीनं तारीख वाचली. उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यातली.

"पण एक सही आणायला काय होतं?" ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई तर रोज तिथंच बसतात!"

"सही आली की आम्ही तपासणीला येतो. मग जोडणी. एकवीस दिवस धरा." साहेबीणबाईंनी तारखा जुळवल्या. "तुमच्या उद्घाटनाला किती दिवस होते?"

"आठ," फ्यूज म्हणाला.

म्हणजे एकवीस दिवस थांबायला नको म्हणून. फीत आधीच आणलेली होती म्हणून. वाईट माणसानं केलं असतं तर मावशीला इतका राग आला नसता. हे गोड आवाजाच्या, डोळ्यांत बघून बोलणाऱ्या, सगळं समजणाऱ्या माणसानं केलं होतं, आणि दीड वर्षं त्याला मोठं चित्र म्हटलं होतं.

तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मागं ध्वनिक्षेपकाची खरखर ऐकू येत होती.

"बाई, तुम्हाला संमतीचा कागद कुणी दाखवला होता का?"

"कसला कागद?"

मावशीनं सांगितलं. मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, इथं साठ खुर्च्या मांडल्यात आणि पाच माणसं बसलीत. त्यातले तीन पाहुणे." आणि फोन बंद झाला.

वीस मिनिटांनी त्या आल्या. व्यासपीठावरून उठून, गळ्यात पाहुण्यांनी घातलेल्या हारासकट, हातात दवाखान्याचा रबरी शिक्का. शिक्क्याचं पॅड विसरल्या होत्या, कारकुनानं आपलं दिलं. त्यांनी सही केली.

"माझी बदली करतील," त्या मावशीला म्हणाल्या.

"माझं तर कंत्राटच जाईल," मावशी म्हणाली. "बघू, कोण आधी जातंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मावशीनं त्यांना हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

साहेबीणबाईंनी अर्जावर आवक नंबर घातला, तपासणीची तारीख सगळ्यांसमोर लिहिली आणि म्हणाल्या, "झालं? आता जाल सगळे?"

"माझं टोकन राहिलंय," मावशी म्हणाली. "चव्वेचाळीस."

"तुमचाही तोच प्रश्न?"

"नाही. बावीस पॅनेल आहेत. मी पुसते ती. दिवसाला खरी वीज किती होईल?"

साहेबीणबाईंनी कानावरचं पेन काढलं, फाइलच्या पाठीवर गुणाकार केला. "स्वच्छ ठेवली तर... पस्तीस. छत्तीस, फार तर."

"त्यात वाफेचं मशीन चालेल? लशींचा फ्रिज?"

"आरामात. बॅटरी लावलीत तर लाइट गेल्यावरसुद्धा."

पस्तीस पुरत होते. पस्तीससुद्धा पुरत होते, आणि तरी यांनी साठ लिहिले होते. मावशीनं शिंपीणबाईकडं बघितलं.

"एकवीस दिवस," शिंपीणबाई म्हणाली. "तोवर लाइट गेली तर माझी पोर काय करेल?"

हा प्रश्न कुठल्याच खिडकीचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून दवाखान्याचा कोरा कागद काढला, तिथंच काउंटरवर टेकून तीन ओळी लिहिल्या आणि खाली पुन्हा शिक्का मारला.

सरकारी गोदामाच्या रखवालदारानं कागद दोनदा वाचला. "धूरमुक्त दवाखान्याला जनरेटर कशाला?"

"फोटो काढायला," फ्यूज म्हणाला. "उघडा."

काळतोंड्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बसला होता, होता तसाच, फक्त एक चाक गंजून अडकलेलं. फ्यूजनं तेल घातलं, शिव्या घातल्या, चाक फिरलं. मग दहा-बारा जणांनी त्याला ढकलत रस्त्यावर आणलं. मावशी डाव्या बाजूला. दीड वर्षापूर्वी तिनं याला हाकललं होतं, आणि आता घाम गाळत तीच याला परत आणत होती. धुराचा तिला अजून तेवढाच तिटकारा होता. तो तिटकारा गिळून ढकलावं लागत होतं, आणि हा राग तिला सगळ्यात जास्त झोंबत होता.

"हाच ना गं तो, ज्याला तू फडक्यानं मारायचीस?" शिंपीणबाई पलीकडून म्हणाली.

"ढकल गुमान."

"चिडतेस कशाला, तो काही म्हणत नाहीये तुला."

दवाखान्याच्या गल्लीत ते वळले आणि समोरून गाडी आली. पांढरी, मोठी, पुढच्या काचेवर समितीचं हिरवं पान चिकटवलेली. पाहुणे निघाले होते. मागच्या सीटवर अध्यक्षबाई, मांडीवर बक्षिसाचं काचेचं स्मृतिचिन्ह. गल्ली एवढी अरुंद की गाडी किंवा जनरेटर, एकच मावणार होतं. चालकानं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. पुढच्या सीटवरच्या पाहुण्यांनी काच खाली केली.

"काय आहे हे? रस्त्यात काय आणलंय?"

अध्यक्षबाईंनी मावशीला ओळखलं. त्यांनी बक्षीस कापडी पिशवीत सरकवलं.

मावशीनं पदरानं कपाळ पुसलं. हाताचं काळं कपाळाला लागलं, ते तिला कळलं नाही.

"धूरमुक्त दवाखान्याचा जनरेटर आहे साहेब," ती म्हणाली. "आत आजारी पोरं असतात. तुम्ही जरा गाडी मागं घ्या."

"अहो, तुम्हीच घ्या की बाजूला! आम्हाला उशीर होतोय."

"आम्हालाही झालाय," मावशी म्हणाली. "दीड वर्ष."

कंडक्टर पुढं झाले आणि गाडीच्या बॉनेटवर दोनदा थाप मारली, त्यांच्या जुन्या सवयीनं. "चला, मागं, मागं, मागं... येऊ द्या."

कुणी बाजूला झालं नाही. गाडी सरकत सरकत, भिंत वाचवत, गल्लीच्या पलीकडच्या तोंडापर्यंत उलटी गेली. मावशीनं पुन्हा खांदा लावला.